कूलर बंद. पाणी भरा.

सिस्टर, तुम्हाला मराठीत लिहिते आहे. राग येणार असेल तर येऊ द्या. शाळेच्या फाटकाच्या आत मराठी बोललं की तुम्ही आम्हाला व्हरांड्यात उभं करायचात, आणि स्वतः चिडलात की तुमच्या तोंडून जी मराठी यायची ती थेट स्वयंपाकघरातल्या मावशींकडून उचललेली. "काहून वं, तुले समजत नाही का?" दूर दक्षिणेतून आलेली, पांढऱ्या झग्यातली, फिजिक्स शिकवणारी बाई असं बोलायची आणि आम्ही ओठ चावत बसायचो. आमच्या घरी असं कोणी बोलत नसे. आमच्याकडे शुद्ध बोलण्याचा फार तोरा. तोच तोरा घेऊन मी सरकारी कचेरीत जन्मभर भाषांतरं केली आणि निवृत्त झाले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमची कबर कोणत्या रांगेत आहे तेही आता मला विचारावं लागेल. पण यंदाच्या उन्हाळ्यात जे झालं ते दुसऱ्या कोणाला सांगायचं तर आधी मावशींचं सांगावं लागेल, आणि ते मला सांगवत नाही. तुम्हाला ते सांगावं लागणार नाही.

माझी नात माझ्याकडे नंदनवन भागात राहून कॉम्प्युटरचं इंजिनिअरिंग करते. तिच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. वायरी, सोल्डरचा वास, सीताबर्डीच्या ठेल्यांवरून आणलेले मेलेले चार्जर, पोट फाडलेले रेडिओ. कॉलेजात शिकवतात त्यापेक्षा जास्त ती जगभरच्या अनोळखी लोकांकडून शिकते, आणि 'ओपन सोर्स' हे शब्द उठता-बसता तिच्या तोंडात. मी एकदा विचारलं, हे आहे तरी काय? "आजी, आपण जे बनवलं ते कुलूप न लावता ठेवायचं. कोणीही न्यावं, वापरावं, सुधारावं."

"आणि बिघडलं तर?"

"कोणीतरी दुरुस्त करतं ना."

"कोण?"

"कोणीतरी, यार आजी!"

हा कोणीतरी मला नोकरीतही कधी भेटला नाही. पण कबूल करते, मला तिचं कौतुक होतं. या वयाच्या पोरी फोनवर नुसतं बोट सरकवत बसतात, ही निदान काहीतरी उघडून बघते.

एप्रिलमध्ये तिने कूलरसाठी एक डबी केली. आत एक छोटा बोर्ड, टाकीत सोडायचा एक सेन्सर, आणि वीज तोडणारा एक रिले. टाकीतलं पाणी कमी झालं की डबी आपोआप पंप नि पंखा थांबवते आणि फोनवर संदेश येतो. कोरड्या टाकीत पंप जळत नाही, पाणी भरायची आठवण राहते. तिचा संदेश इंग्रजीत होता: पंप थांबला, पाणी घाला, अशा अर्थाचा. मी म्हटलं, इथल्या बायका वाचणार आहेत, मराठीत का नाही? "मग तू कर," म्हणाली. मी केलं. एवढं भाषांतर मी झोपेतही केलं असतं. 'पंप थांबला' हे मला अर्धवट वाटलं, थांबला म्हणजे बिघडला का, असं कोणी विचारेल. मी लिहिलं: कूलर बंद. पाणी भरा. चार शब्द, नेमके, व्याकरणात एक खोट नाही. नातीने ते घेतलं, इंटरनेटवर जिथे तिने डबीचा कोड आणि नकाशा खुला ठेवला होता तिथे माझं नाव चढवलं आणि म्हणाली, "आजी, मर्ज केलं, तुझं वाक्य आत मिसळलं. आता ते सगळ्यांचं झालं." मला चक्क आनंद झाला. सरकारने माझं नाव कधी कशावर घातलं नव्हतं.

लोकांनी ते उतरवून घेतलं, डब्या बनवल्या. खाली कोणीतरी लिहिलं होतं, मुलगा की मुलगी, कुठल्या गावचं, काही कळत नाही: "माह्या मायले आता फोन पाहून पाणी टाकता येते. थँक्यू आजी." मी ते दोनदा वाचलं. 'माह्या मायले' वाचून तुमची आठवण आली आणि हसू आलं, एवढंच.

मग नवतपा लागला, मेअखेरचे ते नऊ जळते दिवस. सकाळी चहा घेताना नात फोनवर शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाडीला राहणाऱ्या मैत्रिणीशी बोलत होती. ती मूळची उमरेडची, वाडीत ट्रकांच्या गोदामामागे खोली घेऊन राहते, आणि तिच्या कूलरला हीच डबी लावलेली. नात म्हणाली, "झिणझिण होतं? सेन्सरची वायर ढिली असेल बघ, संध्याकाळी येते."

झिणझिण. सिस्टर, तुम्हाला आठवतो का तो दिवस? मी शाळेच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे, फळा पुसायचं फडकं ओलं करायला आले आहे. तुम्ही पातेल्यावर वाकून डाळीचा वास घेता आहात. मावशी जेवणघरातल्या पत्र्याच्या कूलरकडे बोट दाखवून हसत म्हणतात, "सिस्टर, हा कूलर मले झिणझिण करते. लाडात आला दिसते." मीही हसते. तुम्ही मान वर न करता म्हणता, "बटन बंद करून पाणी टाकत जा वं." आणि मावशी म्हणतात, "बरं जी." त्यानंतरच्या आठवड्यात मावशी दिसल्या नाहीत. आम्हाला सांगितलं, गावी गेल्या. चौकीदार मात्र येईल त्याला सांगत होता, "बटन त बंदच होतं. म्या सोता पाह्यलं." का सांगतो आहे, ते आम्हाला कळत नव्हतं. मग तुम्ही वर्गात आलात आणि काही न शिकवता विचारलंत, ऑफ म्हणजे काय? पहिल्या बाकावरची हुशार मी उभी राहिले. म्हटलं, स्विच वर असला म्हणजे ऑफ, सिस्टर. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी चूक काय केली तेच समजेना. "स्विच वर म्हणजे स्विच वर!" तुम्ही ओरडलात. "ऑफ कोणी पाहिलं? तू पाहिलं का वं?" त्यानंतर दर उन्हाळ्यात तुम्ही प्रत्येक वर्गात जाऊन कूलरपाशी उभ्या राहायचात आणि बोर्डातल्या प्लगकडे बोट करून पाणी भरणाऱ्या बाईला एकच विचारायचात: पिन काढली का वं? आम्ही तुमची नक्कल करायचो. मी सगळ्यांत छान करायची. शाळा सोडताना तुम्ही बाकीच्या मुलींना देवाची चित्रं दिलीत आणि मला टेस्टर, तो वीज असली की दिवा पेटणारा स्क्रूड्रायव्हर. मला वाटलं, माझी थट्टा केलीत.

चहा तसाच टाकून मी नातीला म्हटलं, ऑटो बोलाव. संध्याकाळी नाही, आत्ता. "आणि तिला सांग, कूलरला हात लावू नकोस." तिने तीनदा फोन लावला. मैत्रीण उचलेना. अमरावती रोडला ट्रकांची रांग लागलेली, ऑटोत भट्टी पेटलेली, आणि माझ्या पर्समध्ये तुमचा टेस्टर. वाटेत मी विचारलं, "तुझी डबी तारा किती तोडते?"

"एक. एक पुरते, आजी."

"कोणती?"

ती म्हणाली, "कोड टेस्ट केला होता ना मी."

"घरं टेस्ट केलीस का?"

दोन तारांपैकी एकीतून वीज येते, दुसरीतून परत जाते. येणारी तोडली तर कूलर खरोखर बंद. परत जाणारी तोडली तर पंखा थांबतो, पंप थांबतो, आणि वीज मात्र आत येऊन उभी राहते. भिंतीतल्या बोर्डात कोणी तारा उलट जोडल्या असतील, तर बटनही तेच करतं आणि डबीही तेच. ही गोष्ट तुम्ही आम्हाला त्याच वर्षी शिकवलीत. मी पाठ केली, पैकीच्या पैकी गुण मिळवले, आणि पुढे सगळं आयुष्य 'बंद' हा शब्द बिनदिक्कत वापरला.

मैत्रीण दारातच उभी होती, केस ओले. न्हाणीत होती म्हणून फोन उचलला नव्हता. मला बघून लाजली. "आजी, झटका नाही लागत जी. फक्त झिणझिण होते. मी चप्पल घालूनच पाणी टाकतो, अन् पाण्याचा मगही प्लास्टिकचा घेतो." म्हणजे तिला माहीत होतं. सगळ्यांना माहीत असतं, आणि सगळे चप्पल घालतात. कूलर पत्र्याचा, पंखा थांबलेला, पाण्याची बादली शेजारी भरून ठेवलेली. तिच्या फोनवर माझं वाक्य: कूलर बंद. पाणी भरा. मी टेस्टर पत्र्याला टेकवला. दिवा पेटला, लालभडक. नातीने वाकून ते पाहिलं. मी पिन उपटली. दिवा विझला. पिनेचा तिसरा, जाडा दांडा, पत्र्यात गळलेली वीज जमिनीत नेणारा अर्थिंगचा, कापून टाकलेला होता, बोर्डात बसत नव्हता म्हणून.

घरमालक आला. "इतकी वर्षं झाली ताई, इथं कोणाले काही झालं नाही."

"मला ताई म्हणू नका," मी म्हटलं. "आणि काही झालं असतं तर तुम्ही सांगितलं असतं, गावी गेली म्हणून." त्याला कळलं नाही. तुम्हाला कळेल.

वायरमन येईपर्यंत मी तिथून हलले नाही. नातीने घरी येऊन आधी ती डबी इंटरनेटवर सगळ्यांसमोरून काढली, मग दोन्ही तारा तोडणारी नवी केली, वर मोठ्या अक्षरात धोका लिहिला. मी म्हटलं, झालं तर मग. ती म्हणाली, नाही झालं. ज्यांनी उतरवून घेतली त्यांच्याकडे जुनी तशीच आहे. परत मागता येत नाही. "ते सगळ्यांचं झालंय ना, आजी." रडत होती. मला तिला रागवायचं होतं, आणि जमलं नाही. तिने निदान इंग्रजीत 'पंप थांबला' असं खरं तेवढंच लिहिलं होतं. 'बंद' मी लिहिलं.

ज्याची माय फोन पाहून पाणी टाकते, त्याला आम्ही लिहिलं. आधी मी लिहिलं, माझ्या कचेरीच्या मराठीत, कृपया तात्काळ वापर थांबवावा असं. उत्तर नाही. नातीने लिहिलं. उत्तर नाही. कोणतं गाव, कोणती गल्ली, काही ठाऊक नाही. पारा उतरलेला नाही. रोज सकाळी मी नातीच्या आधी उठून फोन बघते. कुठेतरी एक बाई बादली घेऊन उभी असेल, फोनवर माझे चार शब्द वाचत असेल, आणि ते तिला नेमके वाटत असतील.

मावशींना तुम्ही जे सांगितलंत त्यातही 'बंद' हाच शब्द होता. मी ते तुमच्यावर टाकत नाही. त्या वर्गात तुम्ही माझ्यावर ओरडत नव्हतात, हे कळायला मला सत्तरी गाठावी लागली, एवढंच म्हणते.

हे पत्र कुठे पाठवणार? टेबलाच्या खणात टेस्टरजवळ राहील. एक सांगायचं आहे. नव्या डबीवर टाकीतलं पाणी संपलं की फोनवर आता वेगळंच वाक्य येतं. नातीने विचारलं, आता काय लिहायचं? मी शुद्धलेखन, व्याकरण सगळं बाजूला ठेवून सांगितलं: पिन काढली का वं? तिला ते फार आवडलं. "आजी, तू आणि असं बोलतेस?" म्हणाली आणि त्यापुढे माझं नाव लावलं. त्या कुठल्याशा गावच्या मायसाठीही आम्ही तिथे खाली तेच लिहून ठेवलं आहे, अजून कोणी वाचलेलं नाही. वाक्य माझं नाही, हे मी नातीला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती विचारेल, कोणाचं.