एक ते दहा

४ मार्च १९८२, गुरुवार, दुपारी ३.१०. डुइसबुर्ग
फितींच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता ही पहिली नोंद लिहितो आहे. ‘श्लाके’ या बँडने मला घेतलं! बंद पोलाद कारखान्याच्या भांडारात तालीम चालते. फोल्कर पत्रे बडवतो, रेनाटे सिंथेसायझर वाजवते, मी फिती कापायच्या नि जोडायच्या. सहा महिने या शहरात मला कुणी नावाने हाक मारली नव्हती. आज रेनाटेने मसुराचं सूप वाढलं. फोल्कर म्हणाला, “ये रे कारकुना, बस!” माझ्याआधी हे काम एगॉनकडे होतं. तो अजून येतो, तारा गुंडाळतो. बोलत नाही.

९ मार्च
इथली रीत अशी की नव्या माणसाने आपला आवाज फितीवर द्यायचा. मी एक ते दहा म्हटलं. मग माझं नाव, ‘आई’, ‘नाही’, ‘थांब’. फोल्करला ‘सात’ आवडला. मी फितीचा तेवढा तुकडा कापून टोकाला टोक जोडलं. तासभर माझा ‘सात’ फिरत होता. सगळे खूश.

१० मार्च
बेकरीत सात पाव मागायचे होते. शब्द तोंडातून निघेना. सहा घेतले. घसा बसला असावा.

२ एप्रिल
आमच्या नव्या कॅसेटच्या तीनशे प्रती खपल्या. रॉटरडॅमहून कार्यक्रमाचं बोलावणं आलं. काल फितीतून माझं नाव कापलं. आज घरमालकिणीने दाराआडून विचारलं, कोण? मला सांगता आलं नाही.
एगॉनच्या आवाजाच्या मूळ फिती वाजवल्या. नुसती खरखर. बँडच्या जुन्या तीन कॅसेटवर मात्र तोच बोलतो.

१९ एप्रिल
‘सात’ परत जागच्या जागी जोडला. उपयोग नाही, तोंडातून निघत नाहीच. रोज शब्दांची नवी यादी वाचून घेतात, रोज कापायला लावतात. जो शब्द कापतो तो मला बोलता येत नाही, असं रेनाटेला कागदावर लिहून दाखवलं. हसली. “अरे वेड्या, एगॉनलाही असंच वाटायचं. सूप घे, गार होतंय.”
सोडून जावं. पण जाऊ कुणाकडे?

२४ एप्रिल
आज त्यांना फितीतली ‘आई’ कापून हवी. नकार द्यायला तोंड उघडलं — ‘नाही’ कालच कापला होता. मीच. नेटका, तिरका काप —

२५ एप्रिल
घरी फोन केला. आई ओरडत होती, “कोण आहे? बोला ना!” — सोबत आलेल्या एगॉनने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला, हळूच ठेवला —
खर्च: फोन २ मार्क, ब्लेड ३. देणं: रॉटरडॅमचं भाडं ४१.
न कापलेला शब्द आता एकच शिल्लक. ती तीन इंच फीत माझ्या खिशात आहे. देणार नाही. जिन्यावर फोल्कर — “कारकुना, ब्लेड आणलंय रे!” — तोंडावर म्हणेन त्याला, थां