नळाच्या आधीचा फोटो

३ मार्च
घोळ झालाच! खालच्या वस्तीत नळ येऊन दोन महिने झाले आणि 'आधीचा' फोटो माझ्याकडे नाही. काढायचाच राहिला. नियम साधा – आधी डबकं, नंतर नळ, दोन्ही फोटो शेजारी शेजारी. त्याशिवाय पैसे देणारी परदेशातली मंडळी पुढच्या कामाला हो म्हणत नाहीत. साहेब म्हणाले, "शुक्रवारपर्यंत कुठूनही पैदा कर."

कुठूनही म्हणजे कुठून, ते त्यांनाही कळतं आणि मलाही.

५ मार्च
ज्यांच्या दारात नळ बसलाय त्या मावशींना म्हटलं, घागर घ्या आणि डबक्यावर चला. हसायलाच लागल्या. "अगं, सुटले एकदाची! आता परत त्याचं तोंड बघायला लावतेस?" पण आल्या. माझ्या शब्दाखातर आल्या. उतारावर गुडघा धरून दोनदा थांबल्या.

फोटो काही जमेना. पायांत कोऱ्या निळ्या चपला! म्हटलं, मावशी, चपला काढता का जरा? काढल्या. हसू नका म्हटलं, तेही ऐकलं.

परत आल्यावर त्यांनी नळाचं पाणी दिलं. एक घोट घेऊन पेला खाली ठेवला.

७ मार्च
साहेब खूश. "तुला नजर आहे!" – म्हणे नजर!

ऑफिसात दारासमोरच माझा लहानपणचा फोटो लावलाय; परदेशातल्या मंडळींच्या पत्रकांवरही तोच. पाच वर्षांची, अनवाणी, भुकेने रडणारी. याच संस्थेने मला शिकवलं. पाहुणे आले की मी मिरवते, ही मी! आज त्याच्यासमोरून मान खाली घालून गेले.

२१ मार्च
तिकडून पत्र आलं. फोटो बघून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. म्हणून पुढचा नळही त्याच वस्तीला, त्याच बाईच्या घराजवळ. वरच्या वस्तीचं नाव यादीतून गेलं. तिथे खरंखुरं डबकं आहे. गेल्या महिन्यात तिथली दोन मुलं जुलाबाने दवाखान्यात होती.

साहेबांना म्हटलं, खरं काय ते कळवू या. "काय कळवणार? नाटक केलं म्हणून? उद्या सगळंच बंद होईल. आणि दुसरा नळही नळच आहे ना?"

फाईल उचलून बाहेर आले. माझी चूलही तिथूनच पेटते. शी! लाज वाटते लिहायला.

२४ मार्च
वरच्या वस्तीतले मास्तर आले, तासभर चालत. भांडायला आले असते तर बरं झालं असतं. "बाई, आमच्याकडे फोटो काढायला कधी येताय? आमचं डबकं तयारच आहे."

खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. मी चहा मागवला. एवढंच सुचलं.

२५ मार्च
ठरलं. साहेबांना न विचारता थेट तिकडे लिहायचं. सुरुवात केली – "तुम्ही ज्या मुलीचा फोटो सगळ्यांना दाखवता, ती उपाशी मुलगी मी. भूक काय असते ते मला ठाऊक आहे, म्हणून माझ्यावर विश्वास ठेवा." छान जमलंय वाक्य. चार वेळा वाचलं. स्वतःवर खूश व्हायची ही काय वेळ!

२६ मार्च
आईला पत्र वाचून दाखवलं. वाटलं, शाबासकी देईल. ती भाजी निवडत होती. हात थांबला.

"उपाशी कुठे होतीस? पोटभर जेवून गेली होतीस. त्या फोटोवाल्या बाई म्हणाल्या, चपला काढा. नव्या होत्या, लाल. तू काढू देईनास, म्हणून मीच ओढून काढल्या. त्यासाठी रडलीस तू."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"त्या रडण्यावर तुझी शाळा झाली. कोणत्या तोंडाने बोलू?"

२७ मार्च
पहिलं वाक्य खोडलं. आता पत्र असं सुरू होतं – "त्या फोटोतल्या मुलीलाही चपला होत्या."

पाठवलं.