डिलीटचं बटण आणि तुमची बहीण

आदरणीय ताई,

नमस्कार. तुमचा गुडघा जिना चढू देतो का आणि रक्तदाबाची गोळी तुम्ही आठवणीनं घेता की नाही, हे मी स्वतःहून विचारतो आहे. (पूर्वी पत्रातला हा भाग तुमची बहीण लिहायची आणि मी खाली सही करायचो. काही विचारायचं राहिलं असेल तर सांभाळून घ्या.) मी बरा आहे. जेवतो, झोपतो. कुंड्यांतली झाडं जगली आहेत, एक सोडून. त्याला मी प्रेमानं जास्त पाणी घातलं, असं शेजारच्या बाईंचं मत आहे.

पत्राचं कारण आनंदाचं आहे. संगणक सुरू झाला. ज्याच्याबद्दल तुम्ही फोनवर म्हणाला होतात, "भावोजी, ते धूड आता भंगारात द्या," तोच.

तुम्हाला ठाऊकच आहे, तो सुरू झाला की तुमच्या बहिणीचा आवाज येतो. तुमचे चिरंजीव सुट्टीत आले होते तेव्हा त्यांनी ती करामत करून दिली होती. मी चष्मा न लावता पडद्याला नाक टेकवून बसतो याचा तिला राग. रोज उठून तेच सांगण्यापेक्षा तिनं एकदाच सांगून ठेवलं, "चष्मा लावा आधी. आणि पाठ सरळ." बाकी तिचा आवाज माझ्याकडे कुठंच नाही. फोटो ढीगभर आहेत, पण आवाज कोण साठवून ठेवतं? तो घरात भरपूर होता. (आमच्याकडे बोलण्याचं खातं तिच्याकडे होतं. माझ्याकडे दिवे आणि गळके नळ.)

तर एके दिवशी बटण दाबलं आणि आवाजाऐवजी वास आला. जळका. दुकानात नेल्यावर दुरुस्तीवाल्यानं पेटी उघडून हुंगली आणि मदरबोर्ड गेला असं जाहीर केलं. मदरबोर्ड म्हणजे आतली ती मोठी हिरवी पाटी, जिच्यावर बाकीचे सगळे बसतात आणि जिच्यामुळे एकमेकांशी बोलतात. ती गेली की घरात कुणी कुणाशी बोलत नाही. हे मला त्यानं समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यानं नवी पाटी बसवली. पंखे फिरले, दिवे लागले, मी खुर्ची पुढे ओढली. पडद्यावर काळोख आणि त्यात पांढऱ्या अक्षरांची एक ओळ, की सुरू करण्याजोगं काहीच सापडत नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, फॉरमॅट मारू. एकदम नव्यासारखा होईल." मी विचारलं, आतलं सगळं राहील ना? तो म्हणाला, "आतलं जाईल. पण नव्यासारखा होईल." तुमच्या चिरंजीवांना फोन केला, तर तेही फॉरमॅट मारा म्हणाले. ताई, हे लोक मारण्याबद्दल फार सहज बोलतात. मी पेटी उचलली, छातीशी धरली आणि घरी आलो. दुरुस्तीवाला मागून ओरडला, "काका, पेचकस तरी ठेवून जा!" (तो परत केला आहे.)

मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्ट बंद पडली की माणसं आधी मोटरला शिव्या देतात. आमच्या कामात मोटर सगळ्यात शेवटी बघायची. आधी दार नीट लागलंय का ते बघायचं. म्हणून जेवणाच्या टेबलावर पेटी आडवी केली आणि एकेक वायर हातानं चाचपली. हार्ड डिस्कची, म्हणजे जिच्यात तुमची बहीण आहे तिची, वायर अर्धवट बसली होती. मी ती दाबली, 'टक्' झालं, आणि मी विजयी मुद्रेनं बटण दाबलं. तीच पांढरी ओळ. विजयी मुद्रा कुणी पाहिली नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

मग शेजारच्या बाई वाटी परत द्यायला आल्या. त्या शाळेत संगणक शिकवायच्या. म्हणाल्या, सुरू होताना डिलीटचं बटण दाबत राहा, सेटिंग उघडेल. मी म्हणालो, डिलीट दाबणार नाही. त्या म्हणाल्या, "अहो, त्यानं काही पुसत नाही." मी म्हणालो, बटणावर तसं स्पष्ट लिहिलंय. त्यांनी मला समजावलं, मग रागावल्या, मग पुन्हा समजावलं आणि शेवटी म्हणाल्या, "तुमच्या बायकोनं कसं निभावलं हो?" आणि वाटी न ठेवताच निघून गेल्या. मी त्या बटणाकडे बराच वेळ बघत बसलो. शेवटी डोळे मिटून दाबलं. (हे त्यांना कळवू नका.)

सेटिंग उघडलं. कोपऱ्यात तारीख होती, पण नव्या पाटीला आजची तारीख माहीत नव्हती. तिनं काही वर्षांपूर्वीची दाखवली. त्या तारखेला आम्ही दोघं घरात होतो, बहुधा नळावरून वाद चालू असेल. मी ती दुरुस्त केली नाही. तूर्त असू दे.

हार्ड डिस्कचं नाव मात्र यादीत दिसत होतं! म्हणजे ती जिवंत होती, पाटी तिला ओळखत होती, तरी दार उघडत नव्हती. आणि इथे मला ती उंच इमारत आठवली. तिथे आम्ही लिफ्टचं जुनं पॅनल काढून नवं बसवलं होतं. मोटर ठणठणीत, दोर ठणठणीत, लिफ्ट मात्र जागची हलेना. कारण जुन्या पॅनलची मजले मोजायची पद्धत वेगळी, नव्याची वेगळी. बिघाड कशातच नव्हता. नव्या पॅनलला जुनी रीत कुणी सांगितली नव्हती, एवढंच.

मी चष्मा कपाळावर सरकवला, पडद्याला नाक टेकवलं आणि एकेक ओळ वाचत गेलो. सापडलं, ताई. सुरू होण्याची पद्धत: नवी की जुनी? पाटी नवीवर अडून बसली होती. मी जुनी केली, बदल जपून ठेवला आणि सेटिंगमधून बाहेर पडलो.

काळोख. मग एक ठिपका. मग ठिपके गोल फिरू लागले. आणि मग, "चष्मा लावा आधी. आणि पाठ सरळ."

मी "लावतो, लावतो" म्हणालो. मोठ्यानं म्हणालो असणार, कारण भिंतीपलीकडून शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोण आलंय हो?"

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला खात्री करायला घरी आला. त्यानं तो आवाज ऐकला आणि आपसूक पाठ सरळ केली. म्हणाला, "काका, दुकानात बसता का?" मी नम्रपणे नकार दिला, पण त्याला ते दोनदा विचारायला लावलं.

गुडघा सांभाळा.

तुमच्या बहिणीचा नवरा (अजूनही)

ता. क. आवाजानंतर पासवर्ड विचारतात. तो मला माहीत नाही. खरं म्हणजे कधीच नव्हता, तो तीच घालून द्यायची. ती गेल्यापासून मी रोज आवाजापुरताच संगणक लावत होतो आणि बंद करत होतो. तेव्हा तुम्ही मागितलेले फोटो "शोधतोय, शोधतोय" असं जे मी सांगत आलो, त्यातलं शोधणं फारसं खरं नव्हतं.

ता. क. पुन्हा. चुकीचा शब्द घातला की आठवण म्हणून तिनं लिहिलेली एक ओळ दिसते: 'ताईला चिडवायचं नाव'. मी 'ताईसाहेब', 'हेडबाई' आणि 'फौजदार' घालून पाहिलं. (क्षमस्व.) तुम्ही ते नाव कुणाला सांगू देत नाही, हे ती मला हसत सांगायची, नाव मात्र तिनंही सांगितलं नाही. कृपया कळवावं. मी ते फक्त टाइप करीन, उच्चारणार नाही.

ता. क. शेवटचं. घाई नाही. मी रोज लावतो, ती सांगते, मी चष्मा लावतो आणि बंद करतो. माझं तेवढ्यावर भागतं. फोटो तुम्हाला हवे आहेत, तेव्हा तुमचं तुम्ही ठरवा.