नवमीचं रिकामं काडतूस

प्रिय अण्णा,

तुम्हांला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. लग्न करूनही मी दोन गल्ल्या ओलांडून राहिले, आणि तुम्ही गेल्यावर आईला सोबत म्हणून पुन्हा बालाजी घाटावरच्या घरात आले. पण काल माझ्या राधाने विचारलं, "आजोबांनी निशाणेबाजी का सोडली गं?" ती आता युनिव्हर्सिटीत पिस्तूल चालवायला शिकते. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "त्यांना दिसेनासं झालं होतं." आणि मी मान हलवली. अण्णा, मी चक्क मान हलवली! म्हणून लिहायला बसले.

आठवतं का तुमचं ते खिडकीपाशीचं टेबल? गल्लीतल्या बाकीच्या मुलींचे वडील रविवारी वेदांची संथा सांगत नाहीतर घोरत पडत. आमच्या घरचे गणिताचे मास्तर मात्र रिव्हॉल्व्हरची काडतुसं भरत बसायचे! नवी मिळत नसत, म्हणून निशाणेबाजीच्या क्लबाने परवाना काढून दिलेला. झाडलेली पितळी काडतुसं घासून, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवून, बारूद घालून वर यंत्राने गोळी दाबायची. टेबलाशी बोलायचं नाही, रेडिओ नाही.

मला तुम्ही शेजारी बसवून सगळ्या खोड्या पढवल्या होत्या. टोपी वर राहिली की रिव्हॉल्व्हरचं चक्र अडतं. गोळी तिरपी बसली की काडतूस आतच शिरत नाही. "आणि आवाज दबका आला तर, कुमुद?" "तर थांबायचं, अण्णा. दुसरी झाडायची नाही. बारूद नसली की टोपीच्या जोराने गोळी नळीतच अडकते." झोपेतून उठवून विचारलं असतंत तरी सांगितलं असतं.

मग ती खंडेनवमी आली. हत्यारं, अवजारं सगळी पूजेला. तुम्ही लाकडी ठोकळ्यात काडतुसं उभी करून बारूद घातलात, टॉर्च मारून एकेक आत बघितलंत, आणि गोळ्या बसवणार तेवढ्यात मागच्या खोलीतून आईचा हुकूम, "यंत्र देवापुढे ठेवा! कुमुदचा स्वयंपाक झालाय!" ती त्या दिवशी बाजूला बसलेली, म्हणून पूजा माझ्याकडे. अर्धवट काम तुम्ही कधी ठेवायचा नाहीत. त्या दिवशी ठेवलंत, उघड्या तोंडाच्या काडतुसांचा ठोकळा तसाच चौरंगावर. वर मला दम भरलात, "निरांजन इकडे आणायचं नाही. नुसती हळद-कुंकू नि फुलं."

निरांजन लांब ठेवलं मी. पण यंत्राला हार घालताना पदर ठोकळ्यात अडकला आणि एक काडतूस आडवं झालं. सगळी बारूद चौरंगावर! पूजेत सांडलवंड, आणि तीही माझ्या हातून! पटकन पुसून घेतलं आणि रिकामं काडतूस परत भोकात उभं केलं. तुम्ही आलात की सांगायचं, असं ठरवलंही. तेवढ्यात मैत्रीण रामलीलेला न्यायला आली आणि मी नटूनथटून गेले. दसऱ्याला सकाळी मला जाग येईपर्यंत तुम्ही गोळ्या बसवून डबी बंद केली होतीत. वाटलं, अण्णांनी पुन्हा टॉर्च मारलाच असेल, आता कशाला बोला?

पण तुम्ही मारला नव्हतात. पूजेतल्या वस्तूला कोण हात लावणार, असं तुम्हांला वाटलं. इतका विश्वास ठेवतात का हो कुणावर!

क्लबात मी तुमच्या मागेच उभी होते, कानात कापूस घालून. चौथी गोळी नुसतीच फुसफुसली. तुम्ही हात खाली घेतलात. "रुक काहे गए, मास्टरसाब?" क्लबाच्या मिश्राजींनी विचारलं. तुम्ही चक्र उघडून नळी दाखवलीत. गोळी आतच रुतलेली. पाचवी झाडली असतीत तर नळी तुमच्या हातातच फुटली असती. ते काडतूस कुठलं ते मला कळलं, अण्णा. आणि तोंड? तोंड उघडलं नाही.

घरी येऊन तुम्ही उरलेली सगळी काडतुसं सोडवून बघितलीत. बारूद बरोबर होती. मग एवढंच म्हणालात, "टॉर्च मारूनही मला रिकामं काडतूस दिसत नाही. माझं काम संपलं." आठवड्यात रिव्हॉल्व्हर गेलं, लायसन्स गेलं, टेबलावर आईच्या लोणच्याच्या बरण्या आल्या.

तेवढ्यावर थांबलं असतं तर! आईने तुम्हांला आंधळंच ठरवलं. कार्तिकस्नानाला घाटाच्या पायऱ्या एकट्याने उतरायची बंदी झाली. तुम्ही खिडकीतून नदीपलीकडच्या रेतीकडे बघून सांगायचात, "तीन माणसं आणि एक कुत्रं." आई म्हणायची, "काहीतरीच बोलतात!" मी बघायचे. तीनच माणसं असायची, कुत्रंही असायचं. तरी पायऱ्या उतरताना तुमचा हात मीच धरायचे, आणि तुम्ही निमूट धरू द्यायचात. एकदा तरी झिडकारायचा होतात!

लाज वाटते हो अण्णा. तेव्हा तुमच्या रागाची भीती नव्हती. टेबलापाशी पुन्हा बसू देणार नाहीत, ही भीती होती. मग टेबलावरचं कामच गेलं, आणि सांगण्याजोगं काही उरलंच नाही असं मी मनाला समजावत राहिले.

आता ऐका. उद्या सकाळी राधा युनिव्हर्सिटीला निघायच्या आधी मी तिला आणि आईला समोर बसवून सांगणार आहे, की ते काडतूस मी सांडलं आणि मीच गप्प बसले. आई भडकेल. आठ दिवस माझ्या हातचा चहासुद्धा घेणार नाही. नाही तर नाही. पण यापुढे या घरात कुणी म्हणणार नाही की तुम्हांला दिसत नव्हतं.

तुमची,
कुमुद