ठमीच्या चालीचा नमुना

२ मार्च
एकदाचे आलो. क्वार्टर बघून बायको खूश, म्हणून मीही खूश. दोन खोल्या, नळाला दिवसभर पाणी, दारासमोर हिरवळ आणि हिरवळीपलीकडे प्रयोगशाळा. ऑफिस चालत पाच मिनिटांवर, त्यामुळे उशिरा पोचायचं कारण शोधायला आता डोकं लढवावं लागणार. संरक्षण खात्याच्या निधीतून इथे स्वतःच्या अकलेनं पहारा देणारं यंत्र बनवतात आणि त्याच्या चुका मी वहीत लिहायच्या. दुसऱ्याच्या चुका काढायचं तुझं काम आता मला पगारी मिळालंय, असं मी बायकोला म्हटलं.

५ मार्च
यंत्राला इथे सगळे मामा म्हणतात. चार पाय, फ्रिजएवढं धड, पाठीवर बंदुकीची नळी. नळी सध्या रिकामी. मामा दिवसभर आवारात फिरतो आणि माणसं तोंडावरून ओळखत नाही, चालीवरून ओळखतो. त्यामुळे इथे राहायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी एका पांढऱ्या पट्टीवरून चालवतात. तो झाला तुमचा नमुना. नमुना जुळला की माणूस आपला.

आज आमची पाळी होती. आमची ठमी तेरा महिन्यांची, तिला आठवड्यापूर्वीच पाय फुटलेत. दोन्ही हात वर करून डुलत डुलत गेली आणि मध्येच फतकल मारून बसली. सगळे पोट धरून हसले. इंजिनिअरनं तोच नमुना ठेवला. नमुने खात्याकडे सीलबंद होतात. सप्टेंबरच्या पाहणीआधी हात लावला तर ती लबाडी धरतात. ठमीला सख्खा मामा नव्हता, हा बरा मिळाला, असं बायको म्हणाली.

२१ मार्च
माळ्याचा पाय मुरगळला. लंगडत निघाला तर मामा त्याच्यासमोर येऊन उभा राहिला आणि नळी त्याच्यावर रोखली. नियम असा की मामानं फक्त अडवायचं, पुढचं माणसानं ठरवायचं. इंजिनिअरनं बटण दाबून माळ्याला सोडवलं. मी वहीत चूक लिहिली, ही तिसरी.

एक गोष्ट आज लक्षात आली. इथे कुणी पळत नाही. टायपिस्टबाई दोन वर्षं एकाच जोडीच्या चपला वापरतात, तुटल्या की शिवून घेतात. मला हसू आलं. मग घरी येताना मीही पावलं जपून टाकत होतो.

९ एप्रिल
ठमी आता हात खाली सोडून चालते. सकाळी बायकोनं तिला हिरवळीवर सोडलं. मामा आला आणि ठमीच्या पुढ्यात थांबला. नळी खाली, तिच्यावर वळवली. ठमीनं त्याच्या पायाला हात लावला, खिदळली. बायकोला वाटलं, लाड करतोय. इंजिनिअर जेवायला गेला होता, बटण दाबायला चार मिनिटं लागली.

वहीत लिहिलं. चूक चौथी.

११ एप्रिल
संचालकबाईंनी बोलावून चहा दिला. बाई वाईट नाहीत. पाच चुका झाल्या की निधी बंद, असं म्हणाल्या. बारा वर्षांचं काम पाण्यात जाईल, सगळ्यांची क्वार्टरं जातील, तुमचंही. मूल रोज वेगळं चालतं, त्याला यंत्र काय करणार? म्हटलं तर पटण्यासारखं आहे. मी ते पान फाडून नवीन लिहिलं, सही केली. काहीच वाटलं नाही. घरी येऊन जेवलो.

२४ एप्रिल
ठमी रोज नव्यानं चालते. मामानं तिला आणखी सहा वेळा अडवलं. वहीत एकही नाही. बायकोला सांगितलंय, गवतात मुंग्या आहेत, कडेवरच ठेव. कडेवर असली की मामा बघत नाही.

२ मे
खात्याची समिती न कळवता आली. माझी वही वाचली. मूल आवारात असून त्याच्याबाबत एकही चूक नाही, यावर फार खूश. निधी मंजूर. इतकं अचूक यंत्र असताना बटण धरून माणूस कशाला, असं त्यांचं म्हणणं. बटण आजपासून बंद, अडवल्यावर पुढचंही मामाच ठरवणार.

नळी दुपारी भरली.

३ मे
बाईंकडे गेलो. खरं सांगून टाका म्हणालो. वही तुमच्या हातची, सही तुमची, असं म्हणाल्या. खाली बघत होत्या.
नमुने पुन्हा घ्या म्हणालो. सप्टेंबरआधी नाही, म्हणाल्या.

राजीनामा दिला. गेटपास परवा.

४ मे
बायको विचारते, एवढी चांगली जागा का सोडायची. बदली झाली म्हणालो. ती रुसलीय.
सगळाच बधिर आहे मी.
दाराला कडी. दोनदा बघितली.

५ मे, सकाळ
दुपारी चारची बस. ठमीला मीच उचलून नेणार, गेटपर्यंत. मी माझ्या चालीनं चालेन. सव्वादोनशे पावलं —

बायको ट्रंका बाहेर काढतेय. दार उघडं —
ठमी इथे नाही.

खिडकीतून दिसतेय. हिरवळीवर. पळतेय. आजच शिकली पळायला.
मामा वळला.
पेन हातातच आहे. पाय उचलत नाहीत —

बायकोनं ट्रंक टाकली. हसत पळत निघाली तिच्यामागे, पकडापकडी समजून —
दोघी पळतायत — तिला मी सांगितलंच नव्हतं, की आता नळी —