परमुलखातले घोट

३ ऑक्टोबर

विमानातला चहा म्हणजे नुसतं कढत पाणी! कागदी कप, त्यात दोऱ्याला लटकवलेली पिशवी. पोरगी येऊन विचारते, कसा आहे चहा? म्हटलं, चहा कुठाय? ती हसली. म्हातारा गंमत करतोय असं वाटलं तिला.

चिरंजीव घ्यायला आले होते. वाळलाय. आमच्या चहापत्तीच्या पोत्यांवर खेळत मोठा झाला, पण दुकानात कधी बसला नाही. शिकला, इकडे आला, नोकरीला लागला. आणि आता ती चांगली नोकरी सोडून चहाचं दुकान काढतोय — तेही परमुलखात! सतराला उघडायचं म्हणतो. चहा पास करायला मला बोलावलंय. गाडीत म्हणाला, "बाबा, तुम्ही पास केल्याशिवाय मी शटर उघडणार नाही." बघू.

निघताना आलेला ताप गेला. सर्दीही गेली. अंगात दम नाही अजून.

४ ऑक्टोबर

सकाळी पहिला कप. घोट घेतला, तोंडात फिरवला, थुंकला.

आमची रीत अशीच. पत्ती पास करताना मी बोलत नाही. दिवसाला इतके घोट गिळत बसलो असतो तर आतडी राहिली असती का? थुंकायचा, पुढचा कप घ्यायचा. ज्या दिवशी घोट गिळला, त्या दिवशी ते मिश्रण पास. गोदामातले हमालसुद्धा काम टाकून माझ्या गळ्याकडे बघत उभे राहायचे. आज चिरंजीव आणि सूनबाई बघत होते. मी सिंकमध्ये थुंकलो. सूनबाईनं मुकाट नळ सोडला.

६ ऑक्टोबर

म्हटलं, इथे चांगला चहा म्हणजे काय ते तरी बघू. निघालो पायी. स्टेशनवर एक प्यायलो — कढत पाणी. ग्रंथालयाच्या कॅन्टीनमध्ये — तेच. मग एका बड्या हॉटेलात शिरलो. चकचकीत किटली, वेगळा दुधाचा चंबू, मांडीवर पसरायला रुमाल! आणि चव? रंग आहे, जीव नाही. सगळा थाट वरवरचा.

या लोकांचं पाणीच जड आहे. नाहीतर दूध. काहीतरी आहे खास.

७ ऑक्टोबर

पुन्हा थुंकला.

९ ऑक्टोबर

चिरंजीवांनी दूध बदललं. पाणी बदललं. आलं ठेचून घातलं, वेलची वाढवली. चार वेळा केला. चार वेळा थुंकला. आता कप पुढे केला की तो आधीच सिंकपासून बाजूला सरकतो. मला दिसतं. पण पाणचटला चांगलं कसं म्हणू?

दुकानाला लागून एक सलून आहे. तिथला सलूनवाला रोज वास काढत येतो, फुकटचा चहा ढोसतो आणि बोट वर करून आणखी मागतो. चिरंजीव म्हणाला, "पण बाबा, त्याला आवडतोय." मी म्हटलं, "मग त्यालाच बाप कर!"

कप उचलून आत गेला. बोलायला नको होतं.

१० ऑक्टोबर

हिचा फोन. "अहो, एक घोट गिळलात तर काय बिघडेल? आपलंच पोर आहे ना?" म्हटलं, धंद्यात पोरबीर काही नसतं. "तुम्ही आणि तुमचं नाक!" म्हणाली, आणि ठेवला.

१२ ऑक्टोबर

घरून आणलेला डबा आज उघडला. आमचं खास मिश्रण. शटर उघडायच्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं. पण म्हटलं, पोराला एकदा कळू दे चहा कशाला म्हणतात.

झाकण काढलं — वासच नाही! नक्की विमानतळावर कोणीतरी उघडून बघितला असणार. नाहीतर झाकण ढिलं राहिलं. स्वतः उकळला. स्वतः गाळला. घोट घेतला.

थुंकला! माझाच चहा!

चिरंजीव स्टुलावर बसून बघत होता. फार हळू बोलला. "बाबा, तुमच्या हातचाही होत नसेल इथे, तर माझा काय होणार? बंद करतो मी. नोकरीचं बघतो परत." बाहेरच्या पाटीवर रंग अजून ओला आहे. सूनबाई आत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. भांडी काहीच नव्हती घासायला.

१३ ऑक्टोबर

सूनबाई दूध तापत ठेवून आंघोळीला गेली. "बाबा, जरा लक्ष ठेवाल?" ठेवतो म्हटलं. शेगडीकडे पाठ करून पेपर चाळत बसलो. म्हटलं, उतू जायला लागलं की वास येईलच.

ओल्या केसांनी धावत आली. "अहो बाबा! घरभर करपल्याचा वास सुटलाय!" पातेलं काळं ठिक्कर. तिला ठसका लागला. खिडक्या उघडत सुटली. आणि मी तिथेच, दोन हातांवर. मला काहीच नाही.

"डोळा लागला होता," म्हटलं. खोटं.

ती दोघं दुकानाकडे गेल्यावर सगळं घर हुंगलं. हिंगाची डबी. कापूर. साबण. कांदा चिरला — डोळ्यांतून पाणी आलं, वास नाही. बुटात नाक घातलं! वेड्यासारखं सगळं करून झालं. शेवटी तो डबा. पार आत नाक खुपसलं. पत्ती टोचली नाकाला.

डब्याला काही झालेलं नाही. झालंय ते मला.

म्हणजे विमानातला, स्टेशनवरचा, त्या हॉटेलातला... आणि पोराचे सगळे. कोणता कसा होता, मला काहीच माहीत नाही. काहीच नाही! या नाकावर घर उभं केलं, पोरं शिकवली. ते गेलं आणि मला पत्तासुद्धा नाही. वर तोरा केवढा माझा!

रडलो. इथे लिहायला कसली लाज.

१४ ऑक्टोबर

आपल्या डॉक्टरांना फोन केला, चोरून. म्हणाले, तापानंतर होतं काही जणांना. येईल परत. कधी, ते विचारलं. "या वयात... सांगता येत नाही हो."

हिला सांगू नका म्हटलं.

१५ ऑक्टोबर

दाढी करायच्या निमित्तानं सलूनमध्ये जाऊन बसलो. खरं तर त्याच्या जिभेसाठी गेलो.

चिरंजीवांनी त्याला रोजच्यासारखा चहा पाठवला. हा पठ्ठ्या कप आधी नाकाशी नेतो! दुसऱ्या खुर्चीतलं गिऱ्हाईक डोक्याला फेस लावून ताटकळलंय, तरी याला घाई नाही. बारीक बारीक घोट. त्या गिऱ्हाइकानं हात पुढे केला — मलाही दे म्हणून. यानं कप चक्क मागे ओढला! पोरं गोळी लपवतात तसा. मग उरलेला तळाचा घोट, आणि रिकाम्या कपात डोकावून बघणं.

लोक चहा पिताना कसे दिसतात ते मला कळतं. तेवढं अजून कळतं.

माझी अर्धी दाढी तशीच राहिली होती. त्याला आठवण करून द्यावी लागली.

१६ ऑक्टोबर

पोराला सांगून टाकावं का? सांगितलं तर माझं थुंकणं खोटं ठरेल, हे खरं. पण मग पास कोण करणार? हा तर अडून बसलाय, बाबांशिवाय शटर नाही म्हणून. दुकानबिकान राहील बाजूला, मला घेऊन दवाखाने फिरेल. ओळखतो मी त्याला.

आणि खरं सांगू? जीभ रेटत नाही. नाक गेलेला चहावाला — कोणत्या तोंडानं सांगू पोराला?

उद्या सकाळी तो जुन्या नोकरीच्या ठिकाणी फोन करणार म्हणतोय.

१७ ऑक्टोबर

फोन करायच्या आधी चिरंजीवांनी एक कप केला. "शेवटचा, बाबा." सूनबाई होती. सलूनवालाही दारात येऊन उभा.

घोट घेतला. गरम. गोड. आल्याचा चटका. बाकी काही नाही. तिघंही माझ्या गळ्याकडे बघत होते.

गिळला.