गंगम्माचा पत्ता

१९ डिसेंबर २०२४, विष्णुपुरी

आजपासून इंटर्नशिप. विषय — स्थलांतर आणि आंतरसांस्कृतिक संबंध! अण्णा फोनवर म्हणाले, पोरी, एवढं मोठं नाव अन् काम वीटभट्टीवर? खरंच हाय त्यांचं. एमएसडब्ल्यूच्या आम्हा दोघींना, मला आणि रूममेट अंजूला, संस्थेनं नांदेडजवळच्या भट्टीवर पाठवलं. सोळा पानांचा फॉर्म. 'तुमची सांस्कृतिक ओळख काय?' — हे डोक्यावर विटा घेतलेल्या बाईला विचारायचं! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२१ डिसेंबर

भट्टीवर एक बाई कुणाशीच बोलत नाही. गंगम्मा. सोबत तीन वर्षांची पोर. सगळ्यांना वाटायचं मुकी हाय. मी आपलं आज्जीच्या कानडीत विचारलं, 'ऊट आयता, अक्का?' जेवलीस का, एवढंच. तर बाई पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. संस्थेच्या मॅडम खूश. ही केस तुझी, म्हणाल्या.

२६ डिसेंबर

गंगम्मानं आज सगळं सांगितलं. उदगीरच्या पलीकडचं गाव. नवरा बसवंत मारायचा. एके दिवशी पोरीलाही उचलून आपटलं, तेव्हा निघाली. दंडावरचा डाग दाखवला. गावाचं नाव कुठं लिहू नकोस म्हणाली. मी फॉर्मवर जागा कोरी सोडली. मॅडम रागावल्या. रागावू देत! लई हुशार वाटून राहिलं आज मला.

३० डिसेंबर, रेणापूर

वेळ अमावस्या. सणाला घरी आले. आमच्या शेतात पंचवीस-तीस माणसं, कडब्याची झोपडीवजा कोपी, तिच्यापुढं पूजा अन् पंगत. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, ताकातली आंबील. जो तो विचारून राहिला, नांदेडला काय करतीस? आणि मी शहाणी — गंगम्माची गोष्ट सांगत बसले. कागदावर लिहिलं नाही ते गावाचं नाव खाता खाता बोलून गेले!

आमच्याकडं गाव कळलं की माणूस सुटत नाही. कुणाची कोण, कुठं दिलेली, सगळी सोयरीक बसल्या जागी निघते. अण्णा म्हणाले, 'अगं, ही तर गुरुपादप्पाची सून! तीन महिने झाले, शोधून राहिलेत तिला.' लगेच मोबाइल काढला. मी हात धरला. मारतो तो तिला, म्हटलं. भांड्याला भांडं लागतंच, म्हणाले, आणि फोन लावलाच. पुण्य केल्यागत चेहरा त्यांचा. चिडू तरी कशी?

जिभेला हाड नाही माझ्या.

३१ डिसेंबर, विष्णुपुरी

पहिल्या एसटीनं आले, थेट भट्टीवर. गंगम्माला सांगितलं. सांगताना मान वर होईना. ती चिडली नाही, तेच सोसवेना. फक्त विचारलं, कुणाला बोललीस? वडिलांना, म्हटलं. मग पोरीच्या अंगात स्वेटर घालायला लागली.

मॅडमना फोन केला. बायकांच्या आसरागृहात दोन तारखेला दुपारी जागा होईल, तोवर थांबा म्हणाल्या. आणि केस आपल्या घरी न्यायची नाही, नियम आहे. अंजू म्हणाली, नियम गेला खड्ड्यात. मायलेकींना आमच्या रूमवर आणलं.

१ जानेवारी २०२५

अण्णांचे सात मिस्ड कॉल. उचलले नाहीत. जिन्यात पाऊल वाजलं की आम्ही तिघी गप्प. पोर तेवढी बडबडते, तिला कोण सांगणार! गंगम्मानं दोनदा खोली झाडली, पुन्हा झाडायला घेतली. मी झाडू काढून घेतला. उद्या दुपारपर्यंत काढायचंय. एकच दिवस. वाचायला बसले तर एक ओळ डोक्यात शिरेना.

२ जानेवारी

सकाळीच दार वाजलं. बसवंत. आणि त्याला घेऊन आलेले — अण्णा. चेहरा उतरलेला त्यांचा. तीन तास त्या माणसाच्या शेजारी बसून, त्याचं बोलणं ऐकत आले होते. कुठाय ती, म्हणाले. माहीत नाही, म्हटलं. जन्मात पहिल्यांदा त्यांच्याशी खोटं बोलले. बसवंत मला ढकलून आत शिरायला लागला. अण्णा खाली बघत होते. उंबऱ्यापाशी इवल्या इवल्या चपला. माझ्याकडं बघितलं त्यांनी. मग बसवंतचा दंड धरून मागं ओढला.

'माझी पोरगी खोटं बोलत न्हाई. चल.'